राजदूतचा दिवा

दाजींचं वर्षश्राद्ध झालं आणि आठवड्याभरात आक्का कायमची माझ्याकडं राहायला आली. बरोबर एक पत्र्याची पेटी आणि दाजींचं फौजेतलं करडं ब्लँकेट, एवढंच सामान. आक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दाजी फौजेतून निवृत्त झाल्यावर दोघं रहिमतपूरजवळच्या त्यांच्या गावी राहत होती. मूलबाळ नव्हतं. दाजी गेल्यावर दीर-पुतणे चांगले वागले, पण तिचं मन तिथं लागेना.

मी साखर कारखान्यात फिटर होतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. कराडजवळच्या आमच्या गावात, वडलांच्या घराच्या जागी, मी चार खोल्या बांधल्या आहेत. माझी बायको त्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. त्यामुळं घरात आम्ही दोघंच. लहानपणानंतर पहिल्यांदाच आम्ही बहीण-भाऊ असे एका घरात राहत होतो, आणि खरं सांगायचं तर एकमेकांशी काय बोलावं हे दोघांनाही सुचत नव्हतं.

एका सकाळी ती भाकरी थापत होती. मी शेजारी पाटावर चहा पीत बसलो होतो. भाकरी तव्यावर टाकून वर पाणी फिरवता फिरवता ती म्हणाली,

"मागच्या शेडात ती गाडी हाय न्हवं आजून?"

"हाय की."

"चालू कर ती."

मला वाटलं मी काहीतरी भलतंच ऐकलं. "कुठली?"

"आपल्यात दुसरी कुठली हाय? आप्पांची राजदूत."

"आक्का, चाळीस वरसं झाली तिला. गंजून माती झाली आसंल. आन् आता कशापायी?"

"तू फिटर हायस न्हवं? चालू कर म्हणते मी." एवढं बोलून तिनं पुढचा गोळा मळायला घेतला.

त्या गाडीचं नाव आमच्या घरात चाळीस वर्षांत कुणी काढलं नव्हतं. का, ते सांगायला पाहिजे.

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, राजदूत मोटारसायकल घेतली ती दुधासाठी. पहाटे दोन्ही अंगांना किटल्या अडकवून ते डेअरीला जायचे. मी तेव्हा आयटीआयमध्ये फिटरचं शिकत होतो, त्यामुळं गाडीची देखभाल माझ्याकडं असायची. आक्काचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. दाजी सीमेवर होते. तिला पाचवा महिना लागला होता आणि ती चार दिवसांसाठी माहेरी आली होती. तिला सासरी पोचवायला मी राजदूत काढली. ऊसतोडीचे दिवस होते. मसूरच्या पुढं अंधार पडला. रस्त्यानं उसानं भरलेली बैलगाडी चालली होती, मागं कंदील नाही, काही नाही. मला ती दिसली तेव्हा अगदी तोंडावर आली होती. मी ब्रेक दाबला, गाडी घसरत जाऊन बैलगाडीच्या मागच्या साट्याला धडकली, आणि आक्का कडेच्या खडीच्या ढिगावर फेकली गेली.

तिचा उजवा खुबा मोडला. पोटातलं मूल गेलं. पुन्हा तिला कधी दिवस राहिले नाहीत.

माझं कोपर तेवढं खरचटलं होतं.

आक्का मला एका शब्दानं कधी बोलली नाही. दाजी सुट्टीवर आले, तेही काही म्हणाले नाहीत. उलट मला जवळ बसवून घेऊन चहा पाजला. ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं. आप्पांनी गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली, शेडात भिंतीला टेकवून उभी केली आणि वर पोती टाकली. दुसऱ्या दिवसापासून ते किटल्या सायकलला लावून जाऊ लागले. पुढं दोनतीनदा गिऱ्हाइकं आली. "इकायची न्हाई," एवढंच ते म्हणत. का विकायची नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मी कारखान्यात लागलो, पण मोटारसायकलला पुन्हा हात लावला नाही. सगळी नोकरी सायकलवर केली. सोबतचे मला चिक्कू समजायचे. मी समजू दिलं.

तर अशी ती गाडी आक्कानं चालू करायला सांगितली. दोन दिवस मी टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ती शेडाच्या दारात उभी, हातात खराटा, एक पाय ओढत कोळिष्टकं काढतेय. मग मला गप्प बसणं जमलं नाही.

गाडी बाहेर काढायला शेजारच्या दोघांना बोलवावं लागलं. टायर जमिनीला चिकटून विरले होते. सीटमधल्या काथ्यात उंदरांनी पिढ्यान् पिढ्या काढल्या असाव्यात. टाकीचा तळ चाळणीसारखा झालेला. किकवर पाय ठेवून जोर दिला तर पाय जिथल्या तिथं. इंजिन जाम होतं. हेडलाईटची डूम, म्हणजे दिव्याचं ते वाटीसारखं लोखंडी घर, त्या धडकेत चेपून फुटलं होतं. काच तर जाग्यावरच गेली होती. मी तिकडं बघायचं टाळलं आणि इंजिनापासून सुरुवात केली.

प्लग काढून त्याच्या भोकातून रॉकेल आणि ऑइल ओतलं आणि ठेवून दिलं. अशा कामात घाई चालत नाही. जोर केला की आतलं मोडतं. आक्का रोज सकाळी चहा देताना विचारायची, "सुटलं का?" मी मान हलवायचो. बाराव्या दिवशी किक सूतभर हलली. मी ते आक्काला सांगितलं तर ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि स्वतःच्या हातानं किक दाबून बघितली.

मग गाडी खोलायला घेतली. अंगणात गोणपाट अंथरून मी एकेक भाग काढत होतो. खुब्यामुळं आक्काला खाली बसता येत नाही, म्हणून तिच्यासाठी स्टूल ठेवलं. तिनं घरातलं जुनं परातीएवढं भांडं घेतलं, त्यात रॉकेल ओतलं, आणि मी काढून दिलेला प्रत्येक नटबोल्ट ब्रशनं घासायला लागली. एकेक उचलून विचारायची, "ह्यो कुठला?" मी सांगायचो. तिला एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागायचं नाही. पुढं पुढं तर मीच विसरायचो आणि तीच सांगायची, "त्यो मडगार्डचा हाय, हिकडं कुठं लावतोस?" दिवसाचे चार-पाच तास आम्ही असे शेजारी शेजारी काम करत होतो, आणि बोलणं सगळं नटबोल्टचं.

शेवटी डूम काढायची वेळ आली. दोन स्क्रू गंजून एकजीव झाले होते, ते छिन्नीनं तोडले. डूम हातात आली तशी मागून वायर लोंबली. तिच्या जोडावर काळी टेप गुंडाळलेली होती. टेप वाळून उलगडली होती.

ती टेप मी लावलेली होती. अपघाताच्या आदल्या दिवशी. गाडी खड्ड्यात गेली की दिवा विझायचा, पुन्हा लागायचा. नवी वायर आणून टाकायला अर्धा तास पुरला असता. मी टेप मारली आणि म्हटलं, उजेडातच पोचायचंय. आणि मसूरच्या पुढं दिवा विझला तेव्हा हँडलवरून हात काढून डुमेवर थाप मारली. दोनदा मारली. तिसऱ्यांदा मारायला हात उचलला तेव्हा बैलगाडी समोर होती.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, चूक बिनकंदिलाच्या बैलगाडीची.

"काय रं?" आक्का म्हणाली. "काय सापडलं?"

"काय न्हाई. फुटलीय पार," मी म्हटलं, आणि वायर तोडून खिशात घातली.

सिलिंडर आतून घासून, बोअर करून मिळाला, कारण लेथवाले माझ्या ओळखीचे होते. पण त्या मापाचा पिस्टन कराडात कुठंच मिळाला नाही. एका जुन्या मेकॅनिकनं सांगितलं, सांगलीला जा, तिथं एका म्हाताऱ्या जैन व्यापाऱ्याकडं जुना माल पडून आहे. एसटीनं सांगली गाठली. विचारत विचारत दुकान सापडलं. पुढं त्यांच्या मुलाचं मोबाईलची कव्हरं विकायचं दुकान, आणि मागं, दोन पडद्यांच्या पलीकडं, म्हातारा एका लाकडी खुर्चीवर बसलेला. ऐंशीच्या पुढचा. अंगात पांढरा सदरा, डोळ्यांवर जाड भिंगं.

"राजदूत? आता कोण चालवतंय राजदूत?" ते म्हणाले.

"चालू करायचीय, अण्णा."

"हौसेनं करताय? आजकाल शहरातली लोक येत्यात, शोभेला ठेवाय नेत्यात."

"हौस न्हाई. बहिणीनं सांगितलंय."

त्यांनी मला जरा निरखून बघितलं. मग उठले, आणि मी नको नको म्हणत असताना शिडीला हात घातला. "मापाचं कळणार न्हाई तुमाला. कुठं काय ठेवलंय ते माझ्या हातालाच म्हाईत हाय." मी खाली शिडी धरून उभा राहिलो. वर माळ्यावर खोकी सरकवल्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं एक पुडकं खाली आलं. तेलकट कागदात गुंडाळलेला पिस्टन, रिंगा, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा सेट. इतक्या वर्षांचा, पण कागद उलगडला तर पिस्टन आरशासारखा. मी खिशातल्या कागदावरचं माप ताडून बघितलं. बरोबर होतं.

"आणि डूम, अण्णा? हेडलाईटची?"

ते शिडीच्या वरच्या पायरीवर बसले आणि हसल्यासारखं केलं. "डूम कवाच संपली. गाडी आदळली की पैलं तीच फुटतीया, म्हणून दुकानातनं पैली तीच संपतीया. पिस्टन पडून ऱ्हात्यात."

सूर्य कलायला आला होता. त्यांना मावळायच्या आत जेवायचं होतं, आतून सुनेची हाक आली. जाता जाता ते म्हणाले, "रहिमतपूरच्या फुडं एका गावात एक सुभेदार हायेत. त्यांच्याकडं राजदूत हाय, जशीच्या तशी. लय वरसं माझ्याकडनं सामान न्यायचे. देतील का म्हाईत न्हाई. इचारून बगा."

आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "मी बी येते."

"तुला एसटीत दणके बसतील."

"त्याच रस्त्यानं चाळीस वरसं ये-जा केली की मी," ती म्हणाली.

सुभेदारांचं घर गावाच्या टोकाला होतं. ओसरीवर राजदूत उभी. वर पोतं नाही, ताडपत्री नाही, उघडीच, आणि रोज पुसली जात असावी इतकी लख्ख. सुभेदार पंचाहत्तरीचे, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, पण गुडघे गेलेले. काठीच्या आधारानं उठून त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाले, "गाडी इकायची न्हाई हां."

"गाडी नको, सुभेदारसाहेब. फक्त डूम मिळाली तर बघावं म्हणून आलो."

"डूम काढली तर माझी गाडी आंधळी झाली की."

ते बरोबरच होतं. मी मान खाली घातली. त्यांची बायको पाण्याचा तांब्या ठेवून दाराशी टेकून उभी राहिली.

"तुमची काय झाली?" सुभेदारांनी विचारलं.

"जुनी झालेली. फुटली."

"लोखंड जुनं झालं तर गंजतंय. फुटतं ते आदळल्यावर." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण फौजेत चौकशी करायची सवय असलेल्या माणसाचा होता. "कुठं आदळली?"

आक्का ओसरीच्या पायरीवर बसली होती, रस्त्याकडं तोंड करून. मी तिच्या पाठीकडं बघितलं. अनोळखी माणसाच्या घरी, पाण्याचा घोटही न घेता, मी सांगायला लागलो. आधी बैलगाडीचं सांगितलं, जसं सगळ्यांना सांगत आलो होतो तसं. मग थांबता आलं नाही. टेपचं सांगितलं. दिव्यावर मारलेल्या थापांचं सांगितलं. त्या दिवशी शेजारच्या गावात जत्रेचं कुस्त्यांचं मैदान होतं, ते बघत बसलो आणि घरी यायला उशीर केला, तो उशीर झाला नसता तर दिव्याची गरजच पडली नसती, हेही सांगितलं. खिशात हात घालून वायरचा तुकडा काढला आणि ओसरीवर ठेवला.

"आन् मागं कोण हुतं?" सुभेदारांनी विचारलं.

"ही माझी बहीण. पोटुशी हुती."

सुभेदारांची बायको दारातून पुढं आली आणि आक्काच्या शेजारी पायरीवर बसली.

आक्का बोलली. तोंड रस्त्याकडंच होतं.

"मैदान उरकून तू चारला घरात हुतास. गाडी पुसून दारात लावलीस. म्या पाह्यलं."

"न्हाई आक्का, मला उशीर..."

"ऐक. तू दोनदा हाक मारलीस. मी आत बांगड्यांचा डबा शोधतीया म्हणून सांगितलं. डबा माझ्या पिशवीतच हुता. सासरी त्रास न्हवता काय. कुणी वाईट न्हवतं. पर एक रात आजून माहेरात ऱ्हावं वाटत हुतं. आईनं धपाटी लावली हुती. म्हणलं, उशीर झाला तर आप्पा म्हणतील, आता ऱ्हाऊ दे, सकाळी जा. पर आप्पा घरात न्हवतं. आन् तू म्हणालास, चल, जाऊ की. मग मी बसले. दीड-दोन घंटं म्या घालवलं. म्या."

मला ते काहीच आठवत नव्हतं. माझ्या आठवणीत मी घामाघूम होऊन धावत घरी आलो होतो आणि आक्का पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होती. चाळीस वर्षं मी तेच बघत आलो होतो. तिच्या आठवणीत मी दारात वाट बघत उभा होतो. दोघांतलं खरं काय, हे सांगू शकेल असं माणूस आता कुणी उरलेलं नाही.

सुभेदार काठी टेकत उठले. "आगं, त्यो पेचकस आण आतला," ते बायकोला म्हणाले.

"साहेब, नको. तुमची गाडी..."

"माझी गाडी आता रातची कुठं जात न्हाई," ते म्हणाले. "मी बी जात न्हाई." त्यांनी मला हात लावू दिला नाही. स्वतः वाकून, गुडघ्याला एक हात देऊन, त्यांनी एकेक स्क्रू काढला. डूम काचेसकट माझ्या हातात दिली. स्क्रूसुद्धा कागदात बांधून दिले. त्या उघड्या जागेवर त्यांनी एक फडकं नीट बांधलं, जखमेवर बांधावं तसं. "वायर नवी घाला. टेप मारू नका."

येताना एसटीत डूम माझ्या मांडीवर होती. आक्का खिडकीशी बसली होती. मसूर जवळ आलं तसं मी तिच्याकडं बघितलं नाही आणि तिनंही माझ्याकडं बघितलं नाही. कराडचा स्टँड आल्यावर उतरता उतरता ती म्हणाली, "चाळीस वरसं ती वायर मनात धरून बसलातास?"

"तू बी तर डबा धरून बसलीस."

"व्हय," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्याला धरून खाली उतरली.

त्यानंतर गाडी जोडायला महिना लागला. टाकीचा तळ कापून नवा पत्रा लावून घेतला. सीटमध्ये नवा काथ्या भरला, तो आक्कानंच भरला. रंग मात्र दिला नाही. ती नको म्हणाली. नवी वायर मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड टाकली, मध्ये एकही जोड ठेवला नाही. काम करता करता आता बोलणं व्हायचं. फार नाही. दाजींबद्दल बोलायची. ते रात्री झोपेत कधीकधी दचकायचे, ते का, हे तिलाही कधी कळलं नाही, असं एकदा म्हणाली.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकीत घातलं आणि एका सकाळी किक मारली. पहिल्या पंधरा-वीस किका नुसत्या गेल्या. पॉइंट पुन्हा बघितले, प्लग पुसला. मग एकदा धूर आला आणि गाडी लागली. फट्‌, फट्‌, फट्‌, मध्येच अडखळत, मग सलग. अंगण निळ्या धुरानं भरलं. शेजारची माणसं कुडावरून बघायला लागली. आक्का पदर नाकाला लावून उभी होती. मला वाटलं ती आत जाईल. ती गेली नाही. पाच मिनिटं तशीच उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "दिवा लाव बगू." भर उजेडात मी दिवा लावला. तिनं काचेवर तळहात धरला आणि तळव्यावर पडलेला पिवळा उजेड बघितला. "बास," ती म्हणाली.

गाडीचे कागद कधीच संपलेले होते. त्यांचं काम सुरू केलं आहे, ते होईल तेव्हा होईल. तोवर रस्त्यावर न्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. पण आमच्या रानाकडं जाणारी पाणंद आहे, दोन्ही बाजूंना उसानं भरलेली, तिथं बैलगाड्या आणि ट्रॅक्टरशिवाय काही येत नाही. आठ दिवस मी एकट्यानं त्या पाणंदीत गाडी चालवून बघितली. पहिल्या दिवशी गिअर पायाला सापडत नव्हते. आठव्या दिवशी घरी येऊन गाडी लावत होतो तर आक्का नीट इस्त्रीचं लुगडं नेसून दारात उभी होती.

"रानात ने मला."

"आक्का..."

"ह्याच्यासाठीच चालू कराय लावली मी. ने."

तिला मागं बसवायला पायरीजवळ गाडी घेतली. ती एका बाजूला पाय सोडून बसली आणि माझा खांदा धरला. बोटं रुतेपर्यंत धरला. मी पहिल्या गिअरमध्येच चाललो. चालत्या माणसानं आम्हाला मागं टाकलं असतं. पाणंदीतल्या प्रत्येक चाकोरीला मी थांबत होतो. ऊस तुऱ्यावर आलेला होता.

रानात विहिरीपाशी थांबू लागलो तर ती म्हणाली, "फुडं. वरच्या बांधापर्यंत." वरच्या बांधावर आमचं काही नाही. एक बाभूळ आहे आणि दगडांचा जुना ढीग. मी तिथं गाडी उभी केली. ती उतरली आणि लंगडत बाभळीकडं गेली. मी मागं उभा राहिलो.

"आप्पांनी जायच्या आदी मला सांगितलं," ती पाठमोरीच म्हणाली. "दवाखान्यातनं फडक्यात गुंडाळून त्येंनी हितं आणलं हुतं. एकट्यानं. आईला बी सांगितलं न्हवतं. ह्या बाभळीच्या बुडात."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी गाडीची सीट धरली.

"इतक्या लांब मला चालवत न्हाई. दाजींना सांगाय धीर झाला न्हाई. ट्रॅक्टरवर बसून यायचं म्हंजे ड्रायव्हरला काय सांगायचं? आन् मग वाटलं, ज्या गाडीवरनं निगालो हुतो दोघी, त्याच गाडीवरनं यावं."

"दोघी?"

"पोरगी हुती. नर्सबाईनं सांगितलं हुतं मला."

तिनं पिशवीतून हळदकुंकवाच्या पुड्या काढल्या नाहीत, फुलं काढली नाहीत. मला वाटलं होतं काढील. ती नुसती उभी होती. मग बाभळीच्या बुंध्याला हात लावून, एक पाय लांब सोडून, दगडावर सावकाश बसली. मला काय करावं कळेना. हातांना काम पाहिजे म्हणून मी गाडीशी वाकलो. पाणंदीतल्या दणक्यांनी चेन सैल झाली होती. डिकीतून पाना काढला आणि चाकाचा नट पिळायला घेतला.

"ऱ्हाऊ दे ते," आक्का म्हणाली. "हितं बस जरा."

मी पाना खाली ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. ऊन चढायला लागलं होतं. खालच्या रानात कुणीतरी मोटर चालू केली आणि पाटाला पाणी आलं. आम्ही दोघं बराच वेळ तिथं बसून होतो.